सादळलेलं नायलॉन

मंगळवारी टेस्टमध्ये माझा पार्ट चार बार दाबालाच फुटला. इंजिनात पाणी खेळवणाऱ्या पंपाचं बाहेरचं कवच. आजवर ते अ‍ॅल्युमिनियमचं असायचं. मी काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचं केलं, वजन निम्म्यावर आणलं. त्याने सहा बारचा दाब सोसायलाच हवा होता. गुरुवारी गाडी कंपनीची माणसं टेस्ट बघायला येणार होती. त्यांच्यासमोर फुटलं तर पुन्हा अ‍ॅल्युमिनियम, आणि माझी दोन वर्षं पाण्यात.

"सांगत होतो ना, कादंबरी? प्लॅस्टिक बादल्यांनाच बरं," सुमंतकाका म्हणाले. आमच्या लॅबमधलं टेस्टिंग त्यांच्याकडे. तीस वर्षं अ‍ॅल्युमिनियम ओतलेला माणूस. वेस्ट विंडसरमध्ये आमचे शेजारी, म्हणून ऑफिसातही काकाच.

मला राग आला. डिझाइन चुकलं असेल असं मात्र क्षणभरही वाटलं नाही. मी तुकडे उजेडात धरले. पृष्ठभागावर चंदेरी रेघा उमटल्या होत्या.

"काका, नायलॉनच्या दाण्यांची पोती कधी उघडली?"

"फ्रायडेलाच. तुझा टाइम वाचावा म्हणून सगळी डब्यांत ओतून ठेवली."

"झाकणं लावली?"

"कशाला? हात लावून बघ, एकदम ड्राय आहेत."

हसावं की रडावं कळेना. जुलैतली न्यू जर्सीची दमट हवा आणि चार दिवस उघडं नायलॉन! सीलबंद माल कोरडाच येतो, म्हणून आम्ही ड्रायरही लावला नव्हता.

"काका, काकू पापडाचा डबा उघडा ठेवतात का? सादळलंय हे. त्या चंदेरी रेघा वाफेच्या आहेत. पाणी प्यायलेल्या दाण्यांचा पार्ट ठिसूळच होणार."

धातूला हवेची पर्वा नसते. काका डब्यांची झाकणं शोधायला लागले.

दाणे वाळवून आम्ही नवे पार्ट काढले. गुरुवारी पाहुण्यांसमोर काका दाब वाढवत गेले. पाच. सहा. थेंबही गळला नाही.

"थांबू?"

"वाढवा," मी म्हणाले.

नऊ बारला टेस्टची नळीच निसटली आणि सगळ्यांच्या बुटांवर पाणी उडालं. कवच शाबूत होतं.

"मग मंगळवारी काय झालं होतं?" पाहुण्यांनी विचारलं. मंगळवारचा रिपोर्ट त्यांच्याकडे गेला होता.

'कच्च्या मालाची अडचण' एवढंच सांगायचं मी ठरवलं होतं. काका माझ्याआधी बोलले.

"चूक माझी होती. पार्टची नव्हती, हिची तर नव्हतीच."

पाहुणे गेल्यावर काकांनी तो मंगळवारचा फुटका तुकडा मागून घेतला. त्यांच्या टेबलावर तीस वर्षांचे अ‍ॅल्युमिनियमचे नमुने मांडलेले असतात. त्यांनी एक बाजूला सारला आणि तिथे तो ठेवला.