चावीवाल्यांच्या दाराची कडी

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. दाराला आतून लावतात ती. माझ्यासारख्या एखादीला तुम्ही रोज सरकवत असाल, पण तिच्याकडे कधी बघितलं नसेल. बघण्यासारखं माझ्यात फारसं काही नाहीच. अंगठ्याएवढा जाड लोखंडी गज, पकडायला एक मूठ आणि चौकटीत एक भोक. भोकात शिरले की घर बंद, बाहेर आले की घर उघडं. जन्मभर मी एवढंच काम केलं, पण ते चोख केलं.

माझ्या मालकांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. त्यांना सगळे चावीवाले म्हणत. त्यांचं लग्न ठरलं आणि नव्या घराच्या दाराला कडी हवी झाली. चावीवाल्यांनी बाजारातली कडी आणली असती, तर लोकांनी तोंडात बोट घातलं असतं. मग कुणाच्या तरी खिडकीचा उरलेला गज त्यांनी भट्टीत घातला, ऐरणीवर ठोकला, कानशीने घासला आणि मी तयार झाले. मार खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, हे मी तेव्हाच शिकले.

दारातच बसवलेलं, आतून-बाहेरून किल्लीने फिरणारं एक कुलूपही होतं, पण त्याची किल्ली एकच. आपल्या घराची दुसरी किल्ली करायची नाही, असा चावीवाल्यांच्या धंद्यातला नियम होता. एका किल्लीच्या दोन झाल्या की दोनाच्या चार व्हायला वेळ लागत नाही, असं ते म्हणत. त्यांची बायको हसायची. "यांच्या घरात शिरायचं तर यांच्याशी लग्नच करावं लागतं," असं ती शेजारणींना सांगायची.

एका रात्री चोरांनी दाराला खांदे लावले. कुलूप तुटलं, पण मी तसूभर हलले नाही. चोर हात हलवत गेले. पुढचे कित्येक दिवस चावीवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत होते. माझी एवढी स्तुती पुन्हा कधी झाली नाही.

मग मुलगी झाली. तिला चिऊ म्हणत. धावायला-बोलायला लागल्यावर एका दुपारी आई कपडे वाळत घालायला बाहेर गेली, तेवढ्यात चिऊ स्टुलावर चढली आणि तिने मला लावून टाकलं. उघडायचं कसं, ते तिला येईना. आत ती रडतेय, बाहेर आई रडतेय. शेवटी चावीवाल्यांनी पत्रं टाकायच्या फटीतून बोलून बोलून तिला पुन्हा स्टुलावर चढवलं आणि तिच्याकडून दार उघडून घेतलं. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या पोटाखाली एक बारीक खाच पाडली. वाकवलेली तार फटीतून आत घालून त्या खाचेत अडकवली, की मी बाहेरूनही उघडते. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. बाहेरून उघडता येते हे चार लोकांना कळलं, तर ती कडी कसली?

वर्षं गेली. चिऊ लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. तिची आई वारली. चावीवाल्यांचे हात थरथरायला लागले आणि दुकान बंद झालं. घरात ते आणि मी, दोघंच उरलो. ते मला दिवसासुद्धा लावून ठेवू लागले.

चिऊ आली की आधी स्वयंपाकघर बघायची. पातेली करपलेली, गोळ्या तशाच पडलेल्या, न्हाणीत एकदा पाय घसरलेला.

"बाबा, माझ्याकडे चला," ती म्हणायची.

"सातव्या मजल्यावर? खाली बघितलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात."

"खाली बघू नका मग."

"इथं अजून कुणी तरी अडकलेलं कुलूप घेऊन येतं गं. तिथं मी नुसता तुझा बाप. आणि ह्या घरात मी डोळे मिटून फिरतो."

"म्हणूनच पडता," चिऊ म्हणाली. बापाचा हट्टीपणा तिच्यातही उतरला होता.

शेवटी तोड निघाली. सकाळ-संध्याकाळ एक मावशी येऊन त्यांचं हवं-नको बघेल. एक तरी मावशी टिकली तर बाबा इथेच राहतील, नाहीतर सामान बांधायचं. चावीवाल्यांनी मान डोलावली. तोंडदेखली, हे मला माहीत होतं.

पहिल्या मावशी आल्या, तेव्हा मी लावलेली होते. त्यांनी दार वाजवलं. चावीवाल्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आठवड्यात मावशींनी कंटाळून काम सोडलं. दुसऱ्यांचंही तेच झालं. तिसऱ्या मात्र पक्क्या होत्या. पूर्वी त्या दवाखान्यात काम करायच्या. दार उघडेपर्यंत त्या पायरीवर बसून भाजी निवडायच्या आणि आल्या-गेल्याला सांगायच्या, "काका आत रुसलेत." चारचौघांत शोभा नको, म्हणून चावीवाले दार उघडत. आत आल्या की मावशी गोळ्या, दूध, पायपुसणं सगळं तपासत. चावीवाल्यांनी त्यांचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. राग होता, पण मी त्यांना ओळखते. ज्याला ते टोपणनाव देतात, तो माणूस त्यांच्या खात्यात जमा झालेला असतो.

तरी मी बंदच असायचे.

एका सकाळी ते दूध गॅसवर ठेवून वळले आणि सांडलेल्या पाण्यावरून घसरले. हात अंगाखाली आला. उठता येईना. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅसचा वास सुटला. तेवढ्यात दार वाजलं.

"काका, उघडा. आज नाटक नको."

"पडलोय," आतून आवाज आला.

इन्स्पेक्टरांनी हाका मारल्या. शेजारचा इस्त्रीवाला धावत आला आणि त्याने दाराला धडक दिली. मी हलले नाही. त्याने पुन्हा दिली.

"खांदा मोडेल तुझा," चावीवाले जमिनीवरून म्हणाले. "कडी माझ्या हातची आहे."

मित्रांनो, चोरांपुढे न हलण्याचा मला अभिमान होता. त्या सकाळी मला स्वतःची लाज वाटली. पण कडी स्वतःहून सरकत नाही. तिला कुणाचा तरी हात लागतो.

वास दारापर्यंत आला. "इस्त्रीवाल्या, तू लांब जा, आधी तुझ्या इस्त्रीतले निखारे विझव," चावीवाले ओरडले. तो पळाला. बाहेर इन्स्पेक्टर एकट्या उरल्या. आत चावीवाल्यांना माझ्या पोटाखालची खाच आठवली. सांगितलं तर हे दार पुन्हा त्यांचं एकट्याचं राहणार नव्हतं. न सांगितलं तर काय होणार, हे नाकाला कळत होतं.

"इन्स्पेक्टर," ते म्हणाले, "इस्त्रीवाल्याकडून कपडे अडकवायची तार आणा. टोक वाकवा. पत्राच्या फटीतून आत घाला. कडीच्या पोटाला खाच आहे. आधी वर उचला, मग डावीकडे ओढा."

तार आली, चाचपडली, खाचेत बसली. मी एका झटक्यात सरकले. इतक्या हलकेपणाने मी जन्मात सरकले नव्हते.

इन्स्पेक्टरांनी आत शिरून आधी गॅस बंद केला, मग खिडक्या उघडल्या. चावीवाल्यांचं मनगट मोडलं होतं, कमरेला मुका मार होता. चिऊ आली ती रिकामी बॅग घेऊनच. बाबांचे कपडे भरता भरता रडली. "आता माझं ऐका," ती म्हणाली.

चावीवाल्यांनी आपली जुनी हत्यारांची पेटी मागवली. त्यातून कानस आणि एक कोरी किल्ली काढली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा थरथरणारा. इन्स्पेक्टरांना त्यांनी पकडीत किल्ली धरून बसायला सांगितलं आणि स्वतः घासू लागले. कितीदा तरी चुकले.

"तुमच्या धंद्यात घराची दुसरी किल्ली करत नाहीत ना?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"धंदा बंद झालाय," चावीवाले म्हणाले.

किल्ली कुलपात फिरली. त्यांनी ती इन्स्पेक्टरांच्या हातावर ठेवली. तिसरीही घासली आणि चिऊला दिली. चिऊने बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते सवयीने दाराशी आले आणि माझ्यावर हात ठेवला. मग त्यांनी मला न लावताच हात काढून घेतला.

तेव्हापासून मी बहुतेक वेळ मोकळीच असते. अंगावर जरा गंज चढलाय. रिकामी बसले की चढतोच. वर्षातून एकदा थेंबभर तेल मिळालं, तर माझी तक्रार नाही.

पण एक गोष्ट सांगायचीच राहिली. इन्स्पेक्टरांकडे किल्ली आहे, खाचही त्यांना ठाऊक आहे. तरी रोज सकाळी त्या दार वाजवतात आणि उभ्या राहतात.

"कोण?" आतून विचारणा होते. कोण आलंय हे चावीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं.

"इन्स्पेक्टर."

"या."

मगच किल्ली फिरते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस दार लावून बसत असेल. त्याला एकटं सोडू नका. त्याची किल्ली जरूर मागून घ्या. पण किल्ली हातात आली, तरी आधी दार वाजवा आणि आतून 'या' ऐकू येईपर्यंत थांबा.