तिसऱ्या गाण्यातली खुर्ची

सुताराला गाण्यांचं भारी वेड. रंधा मारता मारता तो वर्षभर नवनवे अल्बम ऐकायचा आणि वर्ष संपताना आवडत्या दहांची यादी दुकानाच्या भिंतीवर लावायचा. यंदा नऊ ठरले, दहावा काही मिळेना. मग एका अनोळखी गायिकेचा अल्बम हाती लागला. घरीच रेकॉर्ड केलेला, एक आवाज आणि एक गिटार.

तिसऱ्या गाण्यात त्याने कान टवकारले. प्रत्येक कडव्याआधी बारीकसं ‘कुर्र’ व्हायचं.

“अगं, ही खुर्ची आहे! मागचा पाय खिळखिळा झालाय,” तो बायकोला म्हणाला.

“लोक गाणं ऐकतात, तुम्ही खुर्ची ऐका!”

पण त्याला चैन पडेना. अल्बमवर पत्ता होता. त्याने सरळ पत्र टाकलं. आठवड्याभरात गायिका खुर्ची घेऊनच दुकानात हजर.

“काका, खुर्ची आईची आहे. हिच्यावर बसूनच तिने मला गाणं शिकवलं. मोडेल असं वाटतं, पण तो आवाज जायला नको.”

सुताराने खुर्ची उलटी केली. पाय सांध्यात सैल होता. सरस भरला असता तर खुर्ची मुकीच झाली असती. म्हणून सांधा तसाच ठेवून त्याने खालून आडवी पट्टी लावली.

गायिका बसली, पुढे झुकली. कुर्र! दोघंही हसली.

“आणि पाचव्या गाण्यात दार कोण आपटतं?” सुताराने विचारलं.

“ती आईच. तिला माझा तो सूर पटला नव्हता.”