मुंग्यांची साक्ष

"आल्या! आल्या! नळाच्या बाजूनं आल्या बघ!"

रविवारची सकाळ, आणि आमच्या चाळीच्या चौकात निम्मी चाळ एका लादीवर ओणवी झाली होती. गिरणीच्या गेटवर घसा फुटेपर्यंत घोषणा देणारी माणसं आता श्वास रोखून मुंग्यांची वाट बघत होती. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. हाताला काम नसलं की डोळ्यांना काहीही पुरतं.

लादीमागे पाटावर कोंडीराम बसला होता. कफनी नाही, गंध नाही, गळ्यात माळ नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आमच्या चाळीत बहुतेक घरं बौद्धांची. इथे अंगारा-धुपारा खपणार नाही हे तो गाडीतून उतरतानाच ओळखून आला असावा.

"जय भीम, मंडळी! मी बाबा नाही, बुवा नाही. माझ्याकडे देव नाही, नवस नाही, नारळ नाही. माझ्याकडे फक्त परीक्षा! डॉक्टर यंत्राला विचारतो, मी मुंगीला विचारतो. मुंगी कुणाची लाच खाते काय?"

"नाय!"

"मुंगीला मालक फोडू शकतो काय?"

"नाय!" हा आवाज जरा मोठाच निघाला.

"मग ती खोटं कशाला बोलेल?"

टाळ्या. मग लादीवर पहिली बाटली ओतली जायची. साखरेच्या आजाराच्या माणसानं सकाळची लघवी बाटलीत आणायची, कोंडीराम ती धुऊन कोरड्या केलेल्या लादीवर सोडायचा, आणि थोड्या वेळात काळी रांग लागायची. मग तो माणसाला खायची पुडी द्यायचा. पुढच्या रविवारी तीच परीक्षा पुन्हा. त्या वेळी मात्र तो पिशवीतून डबी काढायचा, तांबूस पूड लादीवर चोळायचा आणि फडक्यानं वरवर पुसायचा. 'शुद्ध करतो' असंही म्हणायचा नाही, कारण तो शब्द कुणाला झोंबेल हे त्याला माहीत होतं. म्हणायचा, "लादी निर्जंतुक करतो. सायन्स आहे हे!"

त्या रविवारी दुसऱ्या परीक्षेला आमच्या सासूबाई होत्या, मी त्यांना आत्याबाई म्हणते. बाटली ओतली. मुंग्यांची रांग लादीपर्यंत आली, कडेला घुटमळली आणि मागे फिरली.

"च्यायला, मुंग्या पण संपावर गेल्या!" खालच्या मजल्यावरचा दत्तू ओरडला आणि हशा पिकला.

"मीरामावशी," कोंडीराम हात जोडून म्हणाला, "साखर गेली. आता सुया, गोळ्या, सगळं बंद. सुई टोचली की गेलेली साखर परत येते."

आत्याबाईंचा चेहरा उजळला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कारण बाटली त्यांची नव्हतीच. त्यांना साखरेचा आजारच नाही. बाटली माझ्या नणंदेची होती, उत्पलाची.

उत्पला सतरा वर्षांची. दोन वेण्या, अंगानं काडी, जीभ मात्र धारदार. शाळेत असतानाच तिला हा आजार धरला. रोज पोटात किंवा मांडीत इन्सुलिनची सुई. काचेची पिचकारी उकळायची, औषधाची बाटली मडक्यातल्या पाण्यावर वाटीत ठेवायची, कारण फ्रिज कुणाकडे! हे सगळं आमच्या घरात दार लोटून चालायचं. शेजारणीनं विचारलं तर आत्याबाई म्हणायच्या, "माझंच गं, साखरेचं." लेकीला सुया घ्याव्या लागतात हे कळलं तर तिला कोण करणार, या एका भीतीनं त्यांनी लेकीचा आजार स्वतःच्या अंगावर ओढून घेतला होता. त्यात शीवच्या एका घरून स्थळाची विचारणा आली होती.

"आत्याबाई, मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, सुई एक दिवससुद्धा चुकवायची नाही," मी म्हणाले.

"तू शिकलेली, मी अडाणी, असंच ना?" त्या पिचकारी फडक्यात गुंडाळत म्हणाल्या. "अगं, मी काय देवाला गेले? कोंबडं कापलं? बाबासाहेबांच्या फोटोसमोर मान वर करून उभी राहीन मी. परीक्षा झाली, साऱ्या चाळीनं बघितली. डोळ्यांनी दिसलं ते पण खोटं?"

मी पण बघितलं होतं. मुंग्या खरंच आल्या नव्हत्या.

सासरे कामासाठी गावाकडे गेलेले. आमचे हे पहाटे भायखळ्याहून भाजी आणून विकायचे, दुपारी पाठ टेकायचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "दोन दिवस बघू या. बरी झाली तर चांगलंच की." आणि उत्पला? ती तर हरखून गेली होती. "वहिनी, आता फ्रॉकखाली सुयांच्या गाठी दिसणार नाहीत गं मांडीच्या!" असं म्हणून तिनं माझ्या लेकीला उचलून गिरकी घेतली. तिचं ते हसणं बघून मी पिचकारीचं फडकं फळीवर सारून दिलं.

सोमवारी ती तांब्यावर तांब्या पाणी प्यायली. मंगळवारी गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे तिच्या फेऱ्या थांबेनात. शेजारीण म्हणाली, "काय गं उत्पले, रस्ता झिजवतेस काय?" उत्पलाला हसायचंही त्राण नव्हतं. बुधवारी उलट्या सुरू झाल्या आणि पोटात कळा.

आत्याबाई कोंडीरामकडे धावल्या, त्रास स्वतःचाच म्हणून सांगितला. येताना हसत आल्या. "साखर बाहेर पडतेय म्हणाला. आजार जाताना घर हलवून जातो म्हणाला. पुडी दुप्पट करा, आणि अशक्तपणाला गुळाचं पाणी द्या."

"गुळाचं पाणी?" मी ओरडलेच. "हिला?"

"हळू बोल! भिंतीला कान आहेत."

गुरुवारी सकाळी मी उत्पलाच्या उशाशी बसले. ती झोपली नव्हती आणि जागीही नव्हती. डोळे आत गेलेले, ओठ भेगाळलेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, खोल खोल, जणू जिना धावत चढून आली होती. मी तिच्या तोंडाजवळ वाकले, तर एक वास आला. पिकून उतरलेल्या फळांच्या टोपलीसारखा. "उत्पले, मी कोण?" मी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या कुठल्या तरी मैत्रिणीचं नाव घेतलं.

"आत्याबाई, इस्पितळात नेऊ या. आत्ता."

"तिथं सगळ्यांदेखत विचारतील, सुया कुणी बंद केल्या? काय सांगू मी? आणि खाली न्यायची तर साऱ्या चाळीसमोरून? उद्या बोलवू कोंडीरामला."

तेवढ्यात चौकातून माझ्या लेकीनं भोकाड पसरल्याचा आवाज आला. मी जिना उतरून धावले. नळाशेजारी कोंडीरामची लादी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, ती कुणीतरी आडवी केली होती. लेकीच्या हातातली गूळपोळी लादीवर पडली होती, आणि पोर ती उचलून तोंडात घालणार म्हणून धुणं धुणाऱ्या मंजुळाबाईंनी तिचा हात धरला होता.

"घाणीतलं खाते बघ! त्या लादीवर लोक काय काय ओततात."

मी लेकीला कडेवर घेतलं. मग लादीकडे बघितलं. गुळाचा एवढा मोठा खडा पोळीतून सुटून लादीच्या मधोमध पडला होता. नळापासून मुंग्यांची रांग लादीच्या कडेला आली होती आणि तिथूनच मागे वळत होती. ज्या दोन-चार पुढे गेल्या होत्या त्या पाय आखडून उताण्या पडल्या होत्या.

गूळ होता. लघवी नव्हे, गूळ! गुळालासुद्धा मुंग्या शिवत नव्हत्या.

मी वाकून वास घेतला. गेरूचा मातकट वास, आणि त्याच्याखाली दुसरा, नाकात बसलेला, ओळखीचा. ढेकूण-झुरळं मारायला आम्ही फटींत टाकतो त्या पावडरीचा. तोच 'निर्जंतुक'. पहिल्या रविवारी कोरड्या लादीवर मुंग्या येतात, दुसऱ्या रविवारी विषावर येत नाहीत. साखर आहे तिथेच असते.

मी आधी लेकीचे हात साबणानं घासले. मग लादी उचलली आणि तशीच वर नेली.

"आत्याबाई, हे बघा. गूळ ठेवलाय. गुळाचीही साखर गेली का?"

मेलेल्या मुंगीला त्यांनी बोटाच्या टोकानं हलवलं. मग बोट हुंगलं.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "मी माझ्या हातानं..."

"ते नंतर. आधी हिला उचला."

मी गॅलरीत आले. आमच्या घरात वर्षानुवर्षं जे दाराआड कुजबुजलं गेलं होतं, ते मी कठड्याला धरून सगळ्या चाळीला ओरडून सांगितलं. "आमच्या उत्पलाला साखरेचा आजार आहे! तिच्या सुया बंद केल्या, ती शुद्ध हरपतेय! कुणीतरी टॅक्सी आणा!"

आत्याबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला, पण मला गप्प केलं नाही.

दत्तूनं तिला उचललं. ती त्याच्या हातांवर पिसासारखी होती. हे भाजीची पाटी तशीच टाकून आले आणि टॅक्सीत पुढे बसले. परळचं मोठं इस्पितळ तसं जवळच, पण तो रस्ता मला संपेना. दाराशीच वास घेऊन डॉक्टरीणबाईंनी स्ट्रेचर मागवलं. लगेच सलाइन, रक्ताची तपासणी, सलाइनमधून इन्सुलिन.

"सुई का थांबवली?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "मी थांबवली. मी आई आहे तिची."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "इन्सुलिन नसेल तर साखर रक्तातच साठते, शरीराला वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल तयार होतं. तो वास त्याचाच. ते जोरजोरात श्वास घेणं म्हणजे दमणं नाही, शरीर ते आम्ल बाहेर टाकायला धडपडतंय. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकले असते की नाही, सांगता येत नाही."

आत्याबाई बाकावर बसल्या त्या हललेल्याच नाहीत. उत्पलानं शुद्धीवर येऊन पहिल्यांदा पाणी मागितलं, तेव्हाही त्या खाटेजवळ जायला धजेनात. मीच हात धरून नेलं. उत्पला क्षीण आवाजात म्हणाली, "आये, तुझं तोंड असं का झालंय? आजारी मी आहे ना?" त्यावर आत्याबाईंनी तिचे पाय धरले. आईनं लेकीचे. मी भिंतीकडे तोंड केलं.

रविवारी कोंडीराम पुन्हा पाटावर बसला होता. आत्याबाई मला म्हणाल्या, "चल." त्यांच्या हातात गुळाची ढेप आणि बगलेत एक कोरी लादी; कोंडीरामची ती जुनी लादी मी घेतली.

"या या, मीरामावशी! तब्येत कशी—"

"गप ए! आज परीक्षा मी घेणार." त्यांनी दोन्ही लाद्या शेजारी मांडल्या. दोन्हींवर गूळ ठेवला. "हिच्यावर याची ती लाल पूड चोळलेली. हिच्यावर काही नाही. बघत राहा."

थोड्या वेळात कोरी लादी मुंग्यांनी काळी झाली. दुसरीकडे एक मुंगी फिरकली नाही.

"बोल आता," आत्याबाई म्हणाल्या, "गुळाला कुठली पुडी चारलीस? याच्या डबीत गेरू आणि ढेकणांची पावडर आहे. मुंग्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, इथे विष आहे. आपल्यालाच ऐकू आलं नाही."

कोंडीराम पिशवी आवरायला लागला. "मावशी, तुमचा गैरसमज..."

"आणि ऐका सगळे," त्या गर्दीकडे वळून म्हणाल्या. "बाटली माझी नव्हती. माझ्या लेकीची होती. लोक काय म्हणतील म्हणून मी खोटं बोलले, आणि पोरीला मारायला निघाले. मी दीक्षा घेतलेली बाई. देव सोडले, आणि एका शर्टवाल्याला भुलले."

चाळ कमिटीच्या माणसांनी कोंडीरामची पिशवी धरली आणि त्याला पोलीस चौकीवर नेण्यासाठी उठवलं. गर्दी पांगू लागली, तेवढ्यात दत्तू माझ्याजवळ आला. विनोद करणारा दत्तू, पण नजर जमिनीवर.

"वहिनी, माझ्या बापानं पण गोळ्या सोडल्यात. आम्ही कुणाला बोललो नाय. उलट्याबिलट्या काय नाय त्याला. फक्त कालपासून झोपूनच आहे, हाक मारली तर मला ओळखत नाय. तहानेनं जीभ लाकूड झालीय. म्हातारपण असेल ना?"

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. "टॅक्सी बोलव. मी येते सोबत."

दत्तूच्या बापालाही इस्पितळानं वाचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांत साखर फार वाढली की असंच होतं, वास नसतो, धाप नसते, माणूस नुसता सुकत सुकत झोपेत जातो.

म्हणून बायांनो, भावांनो, एवढंच सांगायचं आहे. साखरेच्या माणसाला तहान थांबेना, लघवी थांबेना, त्यात उलट्या, पोटात कळा, खोल धाप, तोंडाला फळाचा वास, किंवा तो गुंगीत जायला लागला, माणसं ओळखेना, तर 'उद्या बघू' म्हणू नका. पुडी नको, गुळाचं पाणी नको, शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच नको. थेट मोठ्या इस्पितळात, दिवस असो की रात्र. उलट्या होतायत, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनानं थांबवू नका. डॉक्टरला विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर लादी कोण पुसतंय ते बघा, आणि तीच परीक्षा घरी गूळ घेऊन करा. आणि हे सगळं करताना शेजाऱ्यांना ऐकू गेलं, तर जाऊ द्या. आम्ही लाजेपायी चार दिवस घालवले. पोरगी वाचली ती आमच्यामुळे नाही, आम्ही गप्प राहिल्यावर जो थोडासा वेळ उरला, त्यात डॉक्टरांनी धावपळ केली म्हणून.