न उघडलेलं इंजिन

इंजिन न उघडता काम झालं, तर बाबुरावांचा फायदा एकच होता, पण तो मोठा होता. ‘आमच्या इंजिनाला अजून कुणी पाना लावलेला नाही’ हे वाक्य धनकवडीच्या सोसायटीत त्यांना पुढची दहा वर्षं म्हणता आलं असतं. निवृत्त माणसाकडे अशी वाक्यं फार नसतात.

गाडी त्यांनी एकोणीसशे नव्व्याण्णवला घेतली आणि पेट्रोल वाचावं म्हणून सात वर्षं बैलगाडीसारखी हाकली. वेग तिशीचा, गिअर टॉपचा. मंडईपर्यंत जायचं, परत यायचं, पुसून कव्हर घालायचं. मुलगी दीक्षा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. लायसन्स असूनही ती अंधारात उठून कंपनीची बस पकडायची. चावी मागितली की बाबुराव म्हणत, “तुम्ही पोरं गाडी पळवता. इंजिनाची वाट लागेल.”

वाट लागली ती न पळवताच. पुलाच्या चढावर गाडी धापा टाकू लागली. गॅरेजवाल्या सुदर्शननं सांगितलं, आत कार्बन साचलाय, इंजिन उघडून, त्याचं हेड उतरवून तो खरवडावा लागेल. बाबुरावांचा चेहरा असा पडला की त्यांच्या पत्नी शालनताई म्हणाल्या, “अहो, ऑपरेशन गाडीचं आहे.”

दुसराही उपाय होता. चालू इंजिनात हवेच्या नळीतून औषध थोडंथोडं सोडायचं, गाडी बंद करून ते मुरू द्यायचं आणि मग ती जोरात पळवायची, म्हणजे सुटलेला कार्बन धुरावाटे बाहेर. बाबुरावांनी ‘न उघडता’ एवढं ऐकलं. ‘पळवायची’ हे त्यांच्या कानावरून गेलं.

रविवारी सकाळी औषध मुरवून ते कात्रजचा घाट चढू लागले. शेजारी सुदर्शन, मागे दीक्षा. सुदर्शननं तिसऱ्या गिअरमध्ये दाबायला सांगितलं. बाबुरावांनी दाबलं, म्हणजे त्यांच्या मते. इंजिनाचा आवाज चढला की पाय आपोआप वर येई आणि हात चौथ्या गिअरकडे जाई. गाडी पांढरा धूर सोडत आचके देऊ लागली.

“काका, सुटलेला माल बाहेर नाही निघाला तर परत आतच बसेल,” सुदर्शन म्हणाला. “मग हेड उतरवायचंच.”

बाबुरावांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून त्यांनी मागचं दार उघडलं.

“बस पुढं. पण तो आवाज माझ्याच्यानं ऐकवणार नाही.”

“कान झाका, बाबा.”

दीक्षानं गिअर तिसऱ्यात टाकला आणि पाय खाली नेला तो उचललाच नाही. इंजिन ओरडलं. मागून काळ्या धुराचे लोट निघाले. सात वर्षांची काटकसर एका घाटात जळत होती आणि बाबुराव मान वळवून ती बघत होते. बोगद्यापाशी धूर विरळ झाला, गाडी हलकी पळू लागली.

सुदर्शन म्हणाला, झालं. पण हिला अधूनमधून अशी मोकळी पळू दिली नाही तर कार्बन पुन्हा धरेल.

“आणि पळवणार कोण?” बाबुरावांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना उत्तर कळलं. दीक्षानं आरसा आपल्या उंचीला लावून घेतला; पोरगी हिशेबाला पक्की.

आता ती रोज गाडी घेऊन बायपासनं हिंजवडीला जाते. सुदर्शनचं बिल बाबुरावांनी दिलं आणि मंडईला ते बसनं जातात. पेट्रोल दीक्षा भरते. राहिला तो स्कूटरवाला, जो पांढरा सफारी घालून, बायकोला मागे बसवून लग्नाला निघाला होता आणि घाटभर आमच्या बाबुरावांच्या गाडीमागे, त्या काळ्या धुरात होता. सगळ्यात जास्त त्यानंच भरलं.