राखेतली चार बोटं

आमच्या सापगावच्या मैदानावर बावीस वर्षांनी कबड्डीचा सामना होणार होता, तोही मुलींचा. भात कापून झालं होतं. मैदान म्हणजे भगीरथचंच शेत; त्यातली धसकटं काढून पोरींनी जमीन चोपली, पाणी मारलं, पुन्हा चोपली. आम्ही म्हातारी माणसं बांधावरच्या करंजाखाली बसून त्यांना सूचना करत होतो. खरं तर आपापसांत जुन्या गोष्टीच चालल्या होत्या.

भगीरथला सगळे सामने तोंडपाठ. "बाहेरचा संघ आला की या कोपऱ्यात घसरायचाच," तो म्हणाला. "इथला उतार म्हणजे आपला आठवा गडी होता."

"उतार कसला? तुझ्या बापाने शेतच वाकडं नांगरलं होतं," मंगळी म्हणाली.

"वाकडं होतं म्हणून तर जिंकायचो!"

संघाची कर्णधार हर्षाली चोपणं टेकवून ऐकत होती. "माझ्या आजोबांचं सांगा ना," ती म्हणाली.

तिचा आजोबा चांगो. त्याच्यासारखा चढाई करणारा गडी या भागात नव्हता. चौऱ्याहत्तर साली याच मैदानावर अंतिम सामना धसई गावाशी होता, गुण सारखे आणि शेवटची चढाई चांगोची. तो एकाला शिवला, परतताना पाच जणांनी त्याला खाली पाडलं. मधल्या रेषेला हात लागला असता तर आम्ही जिंकलो असतो. पंचाने बाद दिलं. त्यानंतर चांगोने खेळ सोडला तो सोडलाच.

"हात पोचला होता का हो त्यांचा?" हर्षालीने विचारलं.

"बोटभर कमी पडला," भगीरथ म्हणाला. "पंचाने सांगितलं, आमी ऐकलं."

"आजोबा तसं नाय म्हणत. उद्या या म्हटलं तर म्हणाले, जिथे माझा शब्द चालला नाय तिथे पाय ठेवणार नाय. मी पयल्यांदा आपल्या गावात खेळणार, आणि घरचंच माणूस नाय." तिने चोपणं उचललं आणि जोरात आपटलं.

मी मान खाली घातली. कारण हात पोचला होता की नाही, हे फक्त मला ठाऊक होतं.

धसई माझं माहेर. त्या साली मी नवी सून होते, एकोणीस वर्षांची. माझे मालक मंडळाचे चिटणीस, म्हणून रेषा आखायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा आताची पांढरी फक्की कुठली मिळायला? मी चुलीतली राख चाळून घमेल्यात आणायची आणि मधल्या रेषेच्या टोकाशी बसायची. पायांनी रेष विसकटली की ओंजळीने नीट करायची. त्यामुळे मी बसायचे तिथून जे दिसायचं, ते पंचालाही दिसत नसे.

चांगो पालथा पडला होता. त्याच्या कमरेला मिठी मारून जो गडी लोंबकळत होता तो माझा भाऊ, गणू. चांगोचा दम अजून चालू होता, मला ऐकू येत होता. त्याने हात ताणला आणि राखेत चार बोटं उमटली. शिट्टी नंतर झाली. पंच पलीकडे होता, मध्ये माणसांचा ढीग. सगळे उठून भांडायला लागले. पंच वाकून रेष बघायला यायच्या आत मी ओंजळभर राख घेतली आणि रेष सरळ केली. सवयीने केली, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. पण सवयीने केली नव्हती.

संध्याकाळी मी चांगोच्या घरी गेले. तो पडवीत दावं वळत बसला होता.

"ये वहिनी. चहा ठेवायला सांगू?"

"नको भावजी. आधी ऐका, मग चहा द्यायचा की नाय ते ठरवा."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचा हात दाव्यावर थांबला.

"कुठली बोटं?" त्याने विचारलं.

"चार. अंगठा नव्हता. करंगळी बाहेर गेलेली, वाकडी."

त्याने हात समोर धरला. करंगळी अजून तशीच वाकडी आहे. तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला पळून जावंसं वाटलं.

"गणू गेला, तवा बोलतेस होय गो?"

"भाऊ होता. पण चूक माझी, त्याची नाय."

"पन्नास वर्षं तुझ्या घरचं लगीन, बारसं, काय चुकवलं मी?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "मलाच वाटायला लागलेलं वहिनी, हात पोचला नसंल."

"उद्या भोंग्यावर सांगते सगळ्यांना."

"भोंगा कशाला? भगीरथला सांग. घटकाभरात गावभर होईल."

चहा त्याने सांगितला नाही. मीही थांबले नाही.

सकाळी करंजाखाली मी सांगून टाकलं. भगीरथचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तो चषक आपला?"

"धसईची सून आणली, आणि राख तिच्याच हातात दिली!" मंगळी म्हणाली. "अक्कल कुणाची?" सगळे हसले. मला मात्र रडू आलं. मंगळीने पाठीवर हात ठेवला, पण तोंडाने टोमणे चालूच.

सामना सुरू झाला तरी चांगोचा पत्ता नव्हता. हर्षाली दर चढाईआधी रस्त्याकडे बघायची. मध्यंतरानंतर मी फक्कीचं घमेलं घेऊन रेषेच्या टोकाशी माझ्या जुन्या जागी बसले, तेवढ्यात शेजारी कुणीतरी चपला काढल्या. चांगो होता. अनवाणी पायाने त्याने माती दाबून बघितली.

"चोपलीय बरी," म्हणाला, आणि माझ्याजवळ उकिडवा बसला.

हर्षालीने त्याला बघितलं. हसली नाही, फक्त मांडीवर थाप मारली आणि आत शिरली. दोघींना शिवली, तिसरीने पाय धरला. ती पडली, सरपटली, हात ताणला. पंचाने दोन बोटं वर केली. करंजाखाली नुसता गोंधळ.

मी ओंजळीत फक्की घेतली, तसं चांगोने माझं मनगट धरलं.

"थांब गो वहिनी. जरा बघू दे."

पुढची चढाई खोळंबली, पंच ओरडला, तरी आम्ही दोघं वाकून रेषेतली ती बोटं बघत राहिलो.