चार पाण्यांनी धुतलेला गणवेश

माझ्या बायकोला वाटायचं, तिचा नवरा लाखात एक आहे. कारण काय, तर लेकीचा नवा गणवेश मी स्वतः धुतो. भरपूर वेळ भिजवतो, मग चार वेळा पाणी बदलून पिळतो. एरवी घरात मी इकडची काडी तिकडे करत नाही, त्यामुळे ह्या एका कामाचं कौतुक शेजारीपाजारी झालं होतं. मीही ते खुशाल पदरात पाडून घेतलं.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. कापडाच्या कारखान्यात मी शेवटच्या खात्यात आहे. शाळेच्या गणवेशांचं रंगवलेलं टेरिकॉट आमच्याकडे येतं आणि त्यावर सुरकुती पडू नये, डाग बसू नये म्हणून आम्ही रसायनं चढवतो. तागा उलगडला की वाफ डोळ्यांत झोंबते. आमच्या खात्यातला एकही माणूस ते कापड चार पाण्यांनी धुतल्याशिवाय घरच्या पोरांना घालू देत नाही. ही आमची आपापसातली रीत. बाहेर कुणी ब्र काढत नाही.

आणि नेमकी माझ्याच बायकोनं मोहीम काढली! पोरं दिवसभर अंगावर प्लास्टिक घेऊन बसतात, वर ती रसायनं, शाळेला साधा सुती गणवेश हवा, म्हणून ती सहा महिने सह्यांसाठी दारोदार फिरली. एकदा मला विचारलंही, "तुमच्या तिथे नक्की काय लावतात हो?"

"ते साहेबांना माहीत," मी म्हणालो. मूग गिळून बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शेवटी मुख्याध्यापिकांनी पालकांची सभा बोलावली. हात वर करून निकाल लागायचा होता. पहिलीच्या बुटक्या बाकांवर आम्ही सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बायको पुढे उभी राहून छान बोलली. एका आईनं उठून मुलीच्या मानेवर उठणाऱ्या पुरळाबद्दल सांगितलं. बऱ्याच माना डोलल्या. मला वाटलं, सुटलो, माझ्यावाचूनच काम होतंय.

तेवढ्यात गणवेश पुरवणारा कंत्राटदार उठला. माणूस तोंडाचा गोड आणि आमच्या साहेबांबरोबर त्याची रोजची ऊठबस.

"एवढी शंका कशाला? कापड बनवणारे इथेच बसलेत, वहिनींचे यजमान! दादा, तुम्हीच सांगा, तुमची मुलगी काय घालते?"

सगळे माझ्याकडे वळले. बायकोही वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, भरवसा होता.

"हाच गणवेश घालते," मी म्हणालो. "बालवाडीपासून. तिला कधी काही झालं नाही."

शब्दन् शब्द खरा होता, म्हणून तर लाज जास्त वाटली. बायको खाली बसली. हात वर झाले ते जुन्या गणवेशासाठी.

बाहेर व्हरांड्यात ती पुरळवाल्या मुलीची आई माझ्यापाशी आली. "बरं झालं भाऊ, तुम्ही बोललात. मी उगाच घाबरले होते. नवा जोड घरात तसाच पडलाय, उद्या घालूनच पाठवते."

मी तिला थांबवलं. "ताई, आधी भिजवून चार पाण्यांनी धुवा."

"का हो?"

मग मी सगळं सांगितलं. डोळ्यांना काय झोंबतं, आमच्या खात्यात सगळे काय करतात, लेकीचे कपडे मी का धुतो. बायको मागे उभी आहे हे ठाऊक असून सांगितलं. पण हळू आवाजात, कंत्राटदाराला ऐकू जाणार नाही इतपत.

त्या बाईनं विचारलं, "मग आत का नाही बोललात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता बायको चारचौघांत माझी शोभा करणार. करायलाच हवी होती, मी ती कमावली होती. पण ती पुढे आली आणि समजुतीच्या सुरात त्या बाईला म्हणाली, "नोकरी आहे हो त्यांची तिथे."

तिनं माझी बाजू घेतली होती. घरी जाताना मात्र ती माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली, आणि तिला गाठायची माझी हिंमत झाली नाही.