पंचवीस टक्क्यांची सावली

दुपारची गिऱ्हाइकं पांगली आणि हॉटेलातली सगळी माणसं बिलाच्या मशीनभोवती गोळा झाली. भांडी घासणाऱ्या मावशी तर ओल्या हातांनीच धावत आल्या. बाधा उतरवायला मालकांनी बोलावलेल्या सावलीबाबांनी डोळे मिटले आणि बोट रोखलं.

"त्या बाईला दाराबाहेर उभी करा."

ती बाई म्हणजे भिंगरी. टेबलांमधून गरगर फिरत वाढायची म्हणून हे नाव पडलेलं. नवरा वारल्यावर पंधरा दिवसांनी, सोमवारी, ती कामावर परतली आणि त्याच दिवसापासून तिने मशीनमध्ये टाकलेल्या ऑर्डरचं बिल चढं यायला लागलं. ऐंशीच्या सूपचे शंभर! तेच सूप दुसऱ्या कुणी टाकलं की बरोबर ऐंशी. गिऱ्हाइकं भांडायची. "मशीन कसं चुकेल?" आचारी कुजबुजला होता. "हिच्यासोबत काहीतरी आलंय."

भिंगरी बाहेर गेली. आत दुसऱ्या वेटरने मशीनमध्ये सूपची ऑर्डर टाकली. सर्रकन कागद आला: ऐंशी.

"पाहिलंत?" बाबांनी आवाज खोल नेला. "मेलेल्याची सावली आहे हिच्यावर! सावलीच्या भाराने आकडा फुगतो. आज यंत्राला लागली, उद्या घरच्या लेकराला लागेल. हिला काढा, आणि शुद्धीच्या दक्षिणेचं पाकीट माझ्याकडे द्या."

काचेपलीकडे भिंगरीला सगळं ऐकू येत होतं. आचाऱ्याचं बोलणं कानावर आल्यापासून ती मुलीपासून लांब, ओट्याखालच्या फरशीवर झोपत होती. "आई, मी काय केलं गं?" असं पोर विचारायची, आणि ही भिंतीकडे कूस वळवायची.

मालकांनी पाकिटासाठी खिशात हात घातला तेवढ्यात मशीन दुरुस्त करणारी बाई आली. तिला त्यांनीच सकाळी फोन केला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही.

"सोमवारी या परत आल्या. त्या दिवशी आणखी काय बदललं?"

"काहीच नाही," मालक म्हणाले.

भिंगरीने दार किलकिलं केलं. बोललं तर नोकरी जाणार. न बोलताही जातच होती.

"माझं कार्ड हरवलं होतं," ती दारातून म्हणाली. प्रत्येक वेटरचं कार्ड वेगळं; ते टेकवल्याशिवाय मशीन ऑर्डर घेत नसे. "ड्रॉवरमधलं जुनं उचललं. सांगायची भीती वाटली."

"द्या इकडे. तुम्ही बाहेरच थांबा. साहेब, आता तुम्ही हे टेकवा आणि सूप टाका."

मालकांनी कार्ड टेकवलं. कागद आला: शंभर.

मावशी किंचाळल्या. आचारी भिंतीला चिकटला. "मालकांनाही लागली!"

"कार्डात उतरली!" बाबा घाईघाईने म्हणाले.

"मग पुसू या," म्हणत दुरुस्तीवाल्या बाईने मशीनच्या पडद्यावर दरांचे नियम उघडले. "हे कार्ड गच्चीवरच्या वेटरचं. या कार्डाने ऑर्डर आली की ती गच्चीवरची धरायची आणि पंचवीस टक्के जादा लावायचे, असा नियम कुणीतरी घातला होता. गच्ची बंद झाली, नियम काढायचा राहिला. मशीन बिचारं सांगितलं तेच करतंय." तिने नियमापुढची खूण काढली. "आता तुम्ही या. कार्ड हेच."

भिंगरी जागची हलेना. "नको ताई. पुन्हा शंभर आले तर मी कोणत्या तोंडाने घरी जाऊ?"

"आले तर मी दुसरं कारण शोधेन. पण मशीनमध्ये शोधेन, तुमच्यात नाही."

भिंगरीने डोळे घट्ट मिटून कार्ड टेकवलं. कागद फाडून मालकांनीच वाचला. "ऐंशी."

"माझ्या नुसत्या उपस्थितीने..." बाबांनी सुरुवात केली.

"तासभर होतातच की उपस्थित!" मावशी कडाडल्या. बाबा चपला शोधू लागले.

मालक खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं."

"माझंही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अजून कापत होता. "चार दिवस मीच मला अवलक्षणी मानलं. कार्ड बदलून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, ते आपल्यापैकी कुणीच केलं नाही. यापुढे कुणाला दाराबाहेर काढावंसं वाटलं, तर आधी एकेक गोष्ट बदलून बघा. भीती वाटत असेल तर वाटू दे. भीत भीत बघा, पण बघा."